डोळ्याखालची फूट

धायरीच्या घरामागे, भिंतीपासून सव्वादोन मीटरवर,
मी खड्डा टेपनं मोजून घेतला.
तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
ट्रेसिंग कागदावर कालवे ओढले,
हाताची सवय जात नाही.

हडपसरच्या लडकतांनी रोप दिलं:
खाली रानबोरीचा खुंट, वर उमराणचा डोळा,
मध्ये जोडाची गाठ, दंडावरच्या देवीच्या व्रणासारखी.
"बाई, डोळ्याखालून फूट आली की खुडायची.
दया केलीत, की रान वर चढलंच."
आणि पिशवीचे दहा रुपये वेगळे लावले.

तुंगारेबाई भिंतीवरून म्हणाल्या,
दारात बोर? आज बोर, उद्या बाभूळ.
लोक आंबा लावतात, गेला बाजार पेरू.
मी म्हटलं, पाणी कमी लागतं.
खरं कारण वेगळं होतं,
पण भिंतीवरून सांगण्याजोगं एवढंच.

झाडानं मला काही फसवलं नाही.
एप्रिलमध्ये पानं टाकून ते खराट्यासारखं उभं राहायचं,
मी कात्री घेऊन गुडघ्याएवढ्या फांद्या ठेवायचे,
बघणाऱ्याला वाटावं, बाईनं झाड मारलं.
गणपतीच्या सुमारास फुलायचं,
हिरवट, बारीक, दिसेल न दिसेल असं,
वास मात्र ओल्या फडक्याचा,
आणि त्या वासावर सगळ्या वॉर्डातल्या माश्या.
काटे जोडीनं: एक सरळ, एक आकड्याचा.
सरळ टोचतो, आकडा थांबवून घेतो.
दोन ओढण्या आणि एक चांगली पैठणी
त्याच्याशी बोलत उभी राहिली आहे.

चौथ्या वर्षी उमराण लागले.
अंड्याएवढे, पिवळेधमक, पिठूळ, गोड,
आणि कुणालाच नको असलेले.
पोपट अर्धं खाऊन अर्धं टाकायचे.
मी डबे भरून वाटले; डबे घासून परत आले,
बोरांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
मोतीबिंदू.
महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही,
डोळ्यावर ती प्लास्टिकची वाटी.
तेवढ्यात खाली, डोळ्याखाली,
फूट निघाली.
वाटी निघाली तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती,
पानं लहान, पाठ पांढुरकी, काटे दुप्पट.
कात्री हातात होती.
नकाशावर नसलेला ओढा
प्रत्यक्ष जागेवर वाहताना पहिल्यांदा पाहिला
तेव्हा साहेब म्हणाले होते, खोडून टाका.
मी तेव्हा खोडला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला बोरं आली.
वाटाण्याहून थोडी मोठी, तांबूस, बरीचशी बी,
आणि संध्याकाळी साडेपाचला भिंतीवर
चार चपला ठेवलेल्या.
शफीकभाईंची शाळेची व्हॅन वळणावर थांबायची,
हॉर्न वाजायचा, पोरं उतरायची नाहीत.
एका मुलीचा फ्रॉक आकड्यानं धरला
तर ती म्हणाली, सोड की रे.
झाडाला म्हणाली. मला नाही.

मी खिडकीआड उभी.
वरच्या फांद्यांना कुणी हात लावत नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तुंगारेबाई
रिकामं पातेलं घेऊन फाटकातून आल्या,
भिंतीवरून नव्हे.
नातवाचं बोरन्हाण. चुरमुरे आहेत,
उसाचे करवे आहेत, हलव्याचा मुकुट सुनेनं केलाय,
बोरं तेवढी राहिली.
मी उमराणकडे वळले तर म्हणाल्या,
"नको हो, ती नको. डोक्यात बसलं तर टेंगूळ यायचं.
ही खालची द्या. रानातली."

दोघींनी मिळून तोडली.
त्यांच्या मनगटावर एक ओरखडा आला, माझ्या तीन.
बोलणं फार झालं नाही.
जाताना त्यांनी एक बोर तोंडात टाकलं
आणि त्यांचा डावा डोळा घट्ट मिटला,
आपोआप, शाळेतल्या मुलीसारखा.

ते कारण.
सांगायचं राहिलं होतं.